कुठेतरी पाणी मुरतंय

सात वर्षांनी ओमारुरू वाहिली.
तीही अडीच दिवस,
उकळून उतू जाणाऱ्या चहासारखी,
अख्खी झाडं आणि कुणाचीतरी मेलेली शेळी
अंगावर घेऊन आली
आणि धरणाच्या भिंतीशी थांबली.

दरवाजाची किल्ली उआपिंगेनाकडे,
घाई बाकी सगळ्यांकडे.
रोज सकाळी ती काचेच्या बरणीत पाणी घेते,
बरणीमागे तळहात धरते.
हाताच्या रेषा दिसत नाहीत तोवर
दार उघडायचं नाही.
गढूळ सोडलं तर वाळूची तोंडं बुजतात,
मग नदी वरून पळत समुद्राला जाते,
खाली घोटभर उतरत नाही.

एक्केचाळिसाव्या दिवशी रेषा दिसल्या.
अंगठ्याखालचा जुना व्रणसुद्धा.

पाणी निघालं,
कोरड्या पात्रात पाचसहा किलोमीटर चाललं
आणि वाळूवर बसलं,
दमलेला माणूस पायरीवर बसतो तसं.
वळून बघावं
तर पायरी रिकामी.

म्बाकुमुआ मामा खवळला.
धरण रोज वीतभर उतरतंय,
नदी कोरडीच, माझ्या गुरांना काय?
बाभळीखालच्या बैठकीत काठी आपटून
त्यानं त्याच्या हेरेरोत जे म्हटलं
त्याला माझ्या मराठीत एकच वाक्य आहे:
कुठेतरी पाणी मुरतंय.

ती म्हणाली, हो.
मुरतंय.
चल, दाखवते.

कूपनलिकेचं झाकण काढून
तिनं टेप सोडली.
दहा मीटर, पंधरा. मामा जांभई देतो.
एकोणीसवर टोकाचं यंत्र चिवचिवलं.
गेल्या वर्षी याच महिन्यात तेवीसपर्यंत गप्प होतं.

पिशवीतून तिनं वह्या काढल्या.
निळी धरणाची, एका खात्याची.
तपकिरी विहिरींची, दुसऱ्या खात्याची.
दोन इमारती, दोन कपाटं,
दोन साहेब, एकमेकांना ओळख न देणारे.
पेंडीच्या पोत्याची सुतळी ओवून
तिनं त्या एकत्र शिवल्यात.
साहेबांना अजून माहीत नाही.

निळीत आकडा चढला की पंप बंद.
वरचं आधी प्यायचं,
कारण ते उन्हालाही आवडतं.
निळीत तळ दिसला
की तपकिरी उघडायची,
जपून, चार-चार बोटं.

मामानं वह्या उलट्या धरल्या,
सुलट्या केल्या.
मग विचारलं, किती पुरेल?
दिवसाआड पंप चालवला तर पुढच्या पुरापर्यंत.
आणि पूर कधी?

यासाठी तिच्याकडे वही नव्हती.

ती टेप गुंडाळू लागली.
शेवटचा हातभर भाग ओला निघाला.
मामानं तो चिमटीत धरला,
सोडला,
आणि गुरांकडे परत जाताना
बोटं विजारीला पुसली नाहीत.