निशाणी चौतीस

कसबा बावड्याच्या कोर्टात
कठड्याला टेकून उभी होते,
उजवा हात पदराखाली.
विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं,
"बाई, पगाराची स्लिप आहे का?"
हुपरीत कुणाला असते स्लिप?
शेठ चांदी तोलून देतो,
पैंजण तोलून घेतो,
मधलं सगळं डोळे आणि बोटं.

दसरा चौकात
दुधाचा टँकर मागं आला तेव्हा
पिशवीत साडेतीन किलो घुंगरं होती,
गुजरीत पोचवायची.
मला आठवतं ते एवढंच:
आधी घुंगरांचा आवाज,
मग माझा.
लोकांनी वेचून दिली, खरंच दिली.
चहावाल्यानं तर गटारातली गाळणीनं काढली.
तरी चाळीस ग्रॅम कमी भरली.
शेठनं ती मजुरीतून वळती केली,
मी सीपीआरमध्ये होते तेव्हाच.

डॉक्टरांनी अंगठा वाकवून बघितला,
तर्जनीचं उरलेलं पेर मोजलं
आणि दाखल्यावर लिहिलं, बावीस टक्के.
मी जावेला म्हटलं,
म्हणजे अठ्ठ्याहत्तर हाय की अजून.
ती हसली, आणि माझे केस विंचरायला बसली.
सहा महिने विंचरले तिनं.
दाव्यात एक रकाना होता,
'मदतनिसाचा खर्च'.
तिची पावती नाही.

आदल्या संध्याकाळी बागवान वकील म्हणाले,
"सुगंधाताई, साहेबांनी काही करून दाखवा म्हटलं
तर जोर लावू नका.
जमत नाही म्हणा. ते खोटंही नाही."
नव्हतंच खोटं.

साहेबांनी विचारलं, "कडी कशी जोडता?"
चिमटा मी नेला होता.
कशाला नेला, आजही सांगता येत नाही.
पहिली कडी निसटली, टेबलाखाली गेली.
शिरस्तेदार वाकले, शोधून दिली.
पुन्हा निसटली.
पंखा फिरत होता, मागं कुणीतरी खोकत होतं,
बागवान साहेब माझ्याकडं बघत होते
आणि डोळ्यांनीच म्हणत होते, पुरे.
पण आईनं सातव्या वर्षी हातात चिमटा दिला
तेव्हा काम बिघडवायचं कसं
तेवढं शिकवलं नव्हतं.
चिमटा डाव्या हातात घेतला,
कडी उजव्या तळव्याच्या घडीत दाबली,
श्वास धरला.
तोंडाला तोंड लागलं.

बागवान वकिलांनी डोळे मिटले.
कंपनीचे वकील उठले, "साहेब, जमतंय की बाईंना."

साहेब घड्याळाकडं बघत होते.
"नऊ मिनिटं," म्हणाले.
"पूर्वी दिवसाला किती व्हायच्या?"
"बाराशे. सणासुदीला पंधराशे."
मग बराच वेळ त्यांनी लिहिलं.

बावीस टक्के हाताला राहिले.
कामाला ऐंशी धरले.
एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला
पंधरानं गुणतात, तसा तक्ताच आहे.
वेदना आणि यातनांना एक गोल आकडा,
शेवटी तीन शून्यं.
घुंगरांच्या चाळीस ग्रॅमचं कुठंच काही नव्हतं,
मीच सांगायची विसरले होते.
अर्धे पैसे बँकेत, पाच वर्षं हात लावायचा नाही.
हात लावायचा नाही, असं म्हणाले
आणि मला हसू आलं.

ती कडी पाकिटात घालून
वर लाल शाईनं लिहिलं, निशाणी चौतीस.
मी परत मागितली.
शिरस्तेदार म्हणाले, "अपिलाची मुदत जाऊ दे, ताई."
"चांदी शेठची आहे."
"एवढीशी?"
एवढीशीच. पण मला ती चांदीसाठी नको होती.
सांध्याला केसभर फट राहिली आहे.
नऊ मिनिटं लागली म्हणून मी ती बघितली नाही,
घरी आल्यावर, भाकरी थापताना
एकदम डोळ्यांपुढं आली.
आता कोर्टाच्या कपाटात
माझ्या नावाखाली
ती तशीच राहणार.