आऊट

तिसरी तार सारसोळेच्या सिग्नलआधी तुटली.
टिंग.
एवढासा आवाज,
आणि मागचं चाक ब्रेकला घासत
कण्हत राहिलं करावे गावापर्यंत.
मी शेजारून चालत.

हसूराम मढवीने आधी चाक पाहिलं, मग मला.
"किती?"
"एकशे चौदा."
डॉक्टरांना मी एकशे दहा सांगतो.

चाक टांगून त्याने
एकेक तार बोटाने छेडली, कान देऊन.
काही गात होत्या. बऱ्याच नुसत्या ठक्.
"वजनानी नाय तुटली.
या बाजूच्या ढिल्या,
म्हनून सगला भार हिच्या एकलीवर."

मग नवं चाक बांधायला घेतलं,
अठ्ठावीसच्या जागी छत्तीस तारा, जाड.
स्टूल पुढे सरकवलं माझ्यासाठी.
प्लास्टिकचं होतं.
मी उभाच राहिलो दोन तास,
त्याचं आऊट काढणं बघत:
पाव फेरा इकडे, पाव तिकडे,
रिम आणि खडूमध्ये केसभर उजेड.

परतताना खाडीचा वारा समोरून,
कान मागच्या चाकात.
पहिल्या स्पीडब्रेकरला
सवयीने सीटवरून उठलो.
काही नाही.

दुसऱ्याला
बसूनच राहिलो.