अठरावा खिळा

नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं काढली मी.
सुटी झाली की गेटवर हात वर करायचे,
खिसे, डबा, चपलेचा तळ,
मग घर.
जेल रोडचं हे घर त्याच हातांनी उभं केलं
आणि वरची खोली भाड्याला ठेवली.

उर्मिला वळवी आली, धडगावकडची,
बिटकोत नर्स.
डिपॉझिट मी तिच्यासमोरच मोजलं, अंगठ्यानं,
बोटं अजून थांबतात शंभराव्या नोटेवर.
ती थांबली माझं होईपर्यंत,
मग पर्समधून वहीचं एक पान काढलं.
खिळे : सतरा.
मोरीचा नळ : गळतो.
दारापाशी एक फरशी : तडकलेली.
खिडकीची कडी : नाही.
खाली सहीला जागा.

मला लागलं ते.
अहो, अकरा महिन्यांचा करार झालाय स्टॅम्पपेपरवर,
आता खिळे पण मोजायचे?
"तुम्ही नोटा मोजल्यात ना, काका,"
आवाज न चढवता म्हणाली.
सही केली. वाकडीच आली.

रात्री शालन म्हणाली,
गेटवर झडती द्यायचात, तेव्हा अपमान वाटायचा?
पहिली दोन वर्षं.
आणि नंतर?
नंतर झोप छान लागायची.

कडी आठवड्यात बसवली.
नळ दिवाळीपर्यंत गळला.
प्लंबर गावाला गेलाय, असं मी तिला सांगायचो.
प्लंबर इथंच होता, दसक फाट्यावर.

नाईट करून ती सकाळी आठला यायची.
पाण्याची मोटर तिच्या उशीखालीच धडधडते
हे तिनं कधी सांगितलं नाही,
एकदा टाकी बघायला वर गेलो तेव्हा मलाच कळलं.
त्या दिवसापासून मोटर सहाला.
मी बोललो नाही, तिनंही विचारलं नाही.
भाडं मात्र पाचऐवजी
दोन तारखेला यायला लागलं.

मार्चात तिची आई आली, सोबत सुकट.
शालननं जिन्यात उदबत्ती लावली,
एक नाही, पाच.
संध्याकाळी उर्मिला खाली, सरळ विचारलं,
वास येतो का?
येतो, म्हटलं.
"तुमच्या हिंगाचाही वर येतो. आईला शिंका येतात."
शालन आधी हसली, मग मी.
ठरलं : सुकट रविवारी, खिडकी उघडून.
हिंग रोज. त्याला इलाज नाही.

मग एकदा हातोडी घेऊन दारात उभी,
एक खिळा मारू का?
सतरा आहेत की आधीचे!
"ते सगळे उंच आहेत, काका."
ड्रिल मीच नेलं वर.
जागा तिनं पेन्सिलनं दाखवली,
माझ्या छातीएवढी.

बदली निघाली तळोद्याला.
मुलगा पुण्याहून फोनवर,
फरशीचे कापा डिपॉझिटमधून, पंधराशे तरी.
खरं सांगतो, कापणारच होतो,
पाचशेच्या तीन नोटा बाजूला काढल्याही होत्या.
ते पान शालनला सापडलं
गीझरच्या गॅरंटी कार्डात.
फरशी, तडकलेली, आधीपासून.
खाली मी, वाकडा.

नोटा परत आत सरकवल्या.
तिनं मोजून घेतल्या, माझ्यासमोर, सगळ्या.
मला बरं वाटलं.
"खिळा काढून भोक बुजवून देऊ?"
राहू दे, म्हटलं.

आता इगतपुरीचा एक मुलगा आहे, अंबडला कंपनीत,
दारातून वाकून येतो इतका उंच.
त्यानं काही मागितलं नव्हतं,
पान मीच ठेवलं त्याच्या हातात.
खिळे : अठरा.
त्यानं बोटानं मोजले. शेवटच्यापाशी थांबला.
"हा एवढा खाली कशाला?"
रात्रपाळीहून आलं की, म्हटलं,
हात वर न करता
पिशवी अडकवायला.