रीडिंग

कूलर परसात बंद पडून आहे दिवाळीपासून.
त्याच्या डोक्यावर, कड दुमडलेल्या ताटलीत,
मी बाजरी ठेवतो, थोडी तांदळाची कणी.

सात वाजता आठ अंश.
आधी एकच मुनिया, तारेवर.
मग दहा-बारा. हाक कुणी मारली
ते मला काही ऐकू आलं नाही.
सोलतात, टरफलं उडवतात,
भावकीसारख्या भांडतात, फक्त कोर्टात जात नाहीत.
शिंजीर दाणा खात नाही, तरी येतो;
ताटली बघून जास्वंदीकडे वळतो.

बत्तीस वर्षं मानेवाड्यात मीटर वाचले.
फाटक वाजलं की आधी कुत्रं,
मग आतून, ‘काऊन आले बाप्पा आजच?’
आता फाटकाच्या आत मी,
आणि उशीर झाला तर तारेवरून ओरडा.

उरलेल्या डायरीत लिहितो:
मुनिया चौदा. मागचं रीडिंग अकरा.
फरक तीन.
कांता खिडकीतून म्हणते,
बिल कोणाच्या नावानं काढता?

आज एकीनं कूलरच्या ताटीतून
वाळ्याची काडी ओढली, लांबच लांब,
तिच्यापेक्षा मोठी, आणि नेली.
मी हललो नाही.
चहावर साय धरली होती.
ताटीचं एप्रिलात पाहू.