कब्बिण

संध्याकाळी तीन.
सकाळी शून्य पॉइंट पाच.
वहीत सलग नऊ दिवस असंच,
ज्या अक्षरात बत्तीस वर्षं
कॉलेजच्या लॅबमधल्या बाटल्यांवर
चिठ्ठ्या चिकटवल्या, त्याच अक्षरात.

पिरनवाडी सोडून जांबोटी रोडला
डॉक्टर हलगेकरांचा बंगला, मागे तलाव.
तलाव म्हणजे पंधरा बाय तीस फूट, निळ्या टाइल्सचा,
मे महिन्यात येणाऱ्या नातवंडांसाठी.
"निंगोजी, तुम्हाला केमिकलचं कळतंय,"
म्हणून मला बोलावलं.
मला कळतं ते परीक्षानळीतलं.
साठ हजार लिटरचं
कुणाला कळतं?

पहिला संशय उन्हावर.
ऊन क्लोरीन खातं, हे खरं आहे.
ताडपत्री आणली, दोऱ्या ताणल्या,
चार कोपऱ्यांना चार चिरे ठेवले.
आकडा तरी पडायचा तो पडलाच.
चोरी रात्रीची होती,
आणि रात्री ऊन नसतं,
हे लक्षात यायला मला चार दिवस लागले.

मग शेवाळ. भिंती घासल्या, बोट कुठे निसरलं नाही.
मग ड्रम. शहापुरात दुकानदाराशी भांडून आलो.
तो शांतपणे म्हणाला,
"माल बरोबर आहे काका.
कायतर खाऊलालंय बघा आतनं."

दहाव्या दिवशी चिडून दुप्पट ओतलं.
तळाची टाइलन् टाइल मोजावी असं पाणी
जेवणाच्या वेळेपर्यंत
कोरा चहा.
डॉक्टरीणबाई गॅलरीतून:
"अहो, चांगलं होतं की! काय केलासा हे?"
हातात रिकामा मग घेऊन
मी उभा, मुद्देमालासकट.

त्या रात्री पंपाच्या खोलीतच राहिलो.
दीड वाजता थ्री फेज करंट आला.
बोअरची मोटर आपली आपणच सुरू झाली,
आणि कोपऱ्यातल्या फ्लोटमधून
बोटभर धार पडायला लागली,
कुणी सांगितलं नसताना,
अगदी निर्मळ तोंडानं.
टॉर्च विझवून मी ऐकत बसलो.

सकाळी बसलिंगप्पाला बोलावलं.
बोअर त्यानंच मारलेली,
तीनशे ऐंशी फूट, वरचा लाल जांभा फोडून.
नळाखाली पांढरी बादली धरली.
पाणी नितळ. त्यात चिमूटभर पावडर.
दोघं उकिडवे बसलो.
त्यानं तंबाखू मळली.
पाच मिनिटं काहीच नाही.
मग बादलीच्या तळातून
हळूहळू संध्याकाळ वर आली.

"नीराग कब्बिण ऐत्रि."
बोट न बुडवता म्हणाला तो.
लोखंड, मी म्हणालो.
त्यानं मान हलवली,
मीही हलवली.
वहीत मात्र लिहिलं
कब्बिण.
आधी त्यानं ओळखलं, तेव्हा नाव त्याचं.

उपाय साधाच. फ्लोटचा कॉक बंद.
भर घालायची ती दिवसा, माझ्यासमोर,
पाइपच्या तोंडाला उशी बांधून.
पंप रात्रंदिवस. दर चार तासांनी फिल्टर उलटा धुवायचा.
गेरूसारखं पाणी चरातून वाहत जायचं
आणि रस्त्याने जाणारी पोरं विचारायची,
घर रंगवूलालायसा काय?

सहाव्या दिवशी
संध्याकाळी तीन. सकाळी दोन पॉइंट आठ.
नळीत गुलाबी रंग,
सूर्य उगवायच्या आधीचा.
डॉक्टर म्हणाले, "झालं ना स्वच्छ?"
स्वच्छ ते पहिल्या दिवशीही दिसत होतं, साहेब,
असं मी म्हणणार होतो.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना
तारेवर वाळत घातलेली ती दिसली,
तांबडी, जड, एका कुशीवर कललेली.
"पाहुण्यांच्या खोलीतली एक उशी कुठे गेली हो?"

मी वही उघडली
आणि आजची तारीख
सावकाश, फार सावकाश लिहायला घेतली.