दोन सूत

आम्हाला वाढई म्हणतात.
नावात वाढ, आणि हाताखाली येतं ते सगळं आटणारं.

नाकतोड्यांच्या दाराची फट मी चैतात पाहिली.
भादव्यात बसवलं होतं, माझ्या एकटीचं पहिलं दार,
पाच फळ्या, नखही शिरू नये असे सांधे.
लग्नाची घाई होती, सागवान डेपोतून ओलंच आलं होतं,
रंध्याखालून छिलका निघायचा दमट, लांबच लांब,
तुटायचा नाही.
मला ते चांगलं वाटलं होतं.

आता फटीत नव्या सुनेनं आतून
लुगड्याचं धांदोटं खोचलंय.
ती काही बोलली नाही. चहा दिला.

बाबा सांगायचे, पण तेव्हा मी फळीचं दुसरं टोक धरून उभी असायची
आणि दुसऱ्या टोकाला अर्धंच ऐकू येतं.
"लाकडात दोन पानी असते, पोरी.
एक पोकळीतलं, मडक्यात भरल्यासारखं.
ते गेलं तं लाकूड हलकं होते, बस्स.
दुसरं कच्च्या मडक्याच्या मातीतच मुरलेलं.
ते निघाले लागलं का अंग आवळते."

उंचीत नाही आवळत. उंचीत झाड
तोडल्यावरही आपल्या मापाला जागतं.
रुंदीत आटतं,
आणि वलयांच्या वळणानं कापलेलं असेल तर दुप्पट.
कडा उचलून फळी वाकते,
गाभ्याकडे पाठ फिरवल्यासारखी.

"थांबवता येते का?"
त्यांच्या तोंडात खर्रा होता. थुंकून आले, मग म्हणाले,
"आटनं नाई थांबत.
आधी आटू दे, मंग काप."

यंदा फळ्या मोहाच्या सावलीत रचल्या आहेत,
विटांवर, वीतभर उंच,
थरांमध्ये पट्ट्या, पट्टीखाली बरोबर पट्टी,
वर फुटक्या जात्याची तळी.
उन्हात नाही. इथलं सत्तेचाळीसचं ऊन
वरची कातडी वाळवतं आणि ओल आत कोंडतं.
टोकांना डांबर, कारण पाणी तिथूनच पळतं
आणि पळताना चिरा पाडून जातं.
डांबर गावच्या रस्त्याचं, उरलेलं.
रस्त्यावर तेवढंही नाही.

इंचाला एक वर्ष, असं जुनं माप.
मला तेवढा धीर नाही,
म्हणून त्याच लाकडाचा एक तुकडा, त्याच्याही टोकांना डांबर फासून,
दर बाजाराच्या दिवशी ठेंगऱ्याच्या काट्यावर ठेवते.
तो कॅलेंडरच्या पाठीवर लिहितो:
तीनशे बारा.
दोनशे एकोणऐंशी.
दोनशे अठ्ठेचाळीस.
दोनशे चाळीस.
"काय इकून राहिली वं तू?"
"पानी," मी म्हणते.

दोनशे चाळीस. पुन्हा चाळीस. पुन्हा.
श्रावणात एकदम सेहेचाळीस.
ठेंगऱ्यानं काटा पुसला, उलटा केला, शेंगदाण्याचा पुडा तोलून पाहिला.
काटा ठीक होता.
वाळलेलं लाकूडही हवेतून घोट घेतं,
आणि फुगायला जागा नसेल
तर चौकट फोडून घेतं.

दिवाळीनंतर नाकतोड्यांचं दार उतरवलं.
त्याच पाच फळ्या.
जे आटायचं होतं ते त्यांनी
माझ्या अब्रूवर आटून घेतलंय,
आता अख्ख्या गावात इतकं पक्कं सागवान नसेल.
चौकटीला खाच केली, खाचेत दिलहे सोडले,
गोंद नाही, खिळा नाही,
दोन्ही बाजूंना दोन दोन सूत मोकळं.
बाबा ही जागा सोडायचे तेव्हा मला वाटायचं
म्हातारपणी हात चुकतो.

लोटलं की दार खडखडतं.
सून म्हणाली, "नवं दार, अन् वाजते काऊन?"
"वाजू द्या, बाई.
श्रावणात गप्प बसते."