आठ नंबर

पतसंस्थेत दिवसभर नोटा मोजते,
रात्री त्याच बोटांनी चौकोन.
मापाला टेप नाही, माझी वीत.
म्हणून माझी वाकळ कुणालाच नीट बसत नाही.
सुनंदावन्संना दिलेली त्यांच्या पोटरीपर्यंतच आली.
"असू दे," म्हणाल्या, "पाय उघडेच बरे वाटतात मला."
चार थंड्या झाल्या, अजून असंच म्हणतात.

फुलेवाडी नाक्यावरचा मुजावर टेलर
कातरणीची पिशवी बाजूला ठेवतो,
देताना दरवेळी सांगतो,
"ताई, यात एक बटण गेलंय, घावलं तर द्या."
आजवर सहा दिली.
सातवं वाकळेत असणार कुठंतरी,
कूस बदलली की टोचत असेल कुणाला.

कात्री बोथटली की आमचे हे
डब्याच्या पिशवीतनं उद्यमनगरला नेतात,
ग्राइंडरवर धार लावून आणतात,
अशी की कापडाला कळायच्या आत दोन तुकडे.
वर बजावतात, "कागद कापू नका हिनं."
मग आठवडाभर दुधाच्या पिशव्या
दातानं फोडायच्या.

शनिवारी हॉलभर अस्तर पसरलं
की घर भिंतीकडेनं चालतं.
मागं एकदा त्यावर रस्सा सांडला, तांबडा.
कुणी सांडला ते अजून कळलेलं नाही.
धुऊन जाईना, तेव्हा वर पिंपळपान लावलं.
पाहुणे आले की नेमके त्याच पानावर बोट ठेवतात,
"काय हो नक्षी!"

यंदा कापड कमी पडलं.
म्हणजे होतं, पण निळं नव्हतं.
निळं एकाच ठिकाणी होतं,
दिग्विजयच्या कपाटात, सगळ्यात खाली,
घडी घालून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.
तालमीची जर्सी. पाठीवर आठ.
गुडघा गेला त्या मॅचपासून
त्यानं ती काढलेली नाही,
मैदानाकडचा रस्ताही सोडलाय.
आता गाडीला किक मारताना
डावा पाय जरा जपून टेकतो, तेवढंच.

मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर नाही म्हणाला असता,
आणि मग मला कापता आली नसती.

ते कापड सुईखालनं सटकतं.
सुती कसं, धरलं तिथं बसतं;
हे पळतं, मागं फिरतं, पुन्हा पळतं.
धावदोरा तीनदा उसवला.
टाचण्या लावल्या तर भोकं राहिली.
शेवटी दातात दोरा धरून,
पोराला न्हाऊ घालताना धरायची तसं
गुडघ्यांत दाबून शिवलं.

तो सोमवारी रात्री आला.
हॉलमध्ये उभा राहिला,
भिंतीकडेनं गेला नाही.
मी मान वर केली नाही. टाके मोजत होते,
मोजत नव्हते.

"उलटा लावलायस," म्हणाला.
"काय?"
"आठ. बारकं गोल वर असतंय."
बघितलं तर खरंच.
"आठच आहे की रे, उलटा काय, सुलटा काय."
"लांबनं कळतंय," म्हणाला,
आणि जेवायला काय आहे विचारलं.

उसवू का, ते मी विचारलं नाही.
त्यानंही सांगितलं नाही.
राहिला तसाच.

शेवटचा कोपरा शिवायच्या आधी
सासूबाई भाकरीचा तुकडा घेऊन आल्या.
"वाकळ उपाशी ठेवू नये," त्यांचं ठरलेलं.
घातला आत, वरनं चार टाके.
पाचव्या दिवशी मुंग्यांची रांग
थेट सोफ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
हे हसले, सासूबाई रुसल्या,
मी गॅलरीत उन्हात टाकली.

संध्याकाळी काढायला गेले तर दोरीवर नाही.
दिग्विजयच्या खोलीत पंखा पाचवर,
आणि तो पांघरून झोपलेला.
उठल्यावर म्हणाला, "लई गरम होतंय हिच्यात."
"मग दे इकडं."
"राहू दे," म्हणाला,
आणि पाय आखडून घेतला.

त्यालाही आखूडच झालीय.